आमच्या मीटरला कुलूप

तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या अख्ख्या गल्लीत स्मार्ट मीटरला ठाम नकार देणारा एकच मर्द निघाला, आणि तो म्हणजे मी. नको असेल तर नाही म्हणायची मुभा वीज कंपनीनेच दिली होती. तरी बाकीच्यांनी माना डोलावून नवे मीटर बसवून घेतले. मी मात्र अर्ज ठोकला. आम्ही गीझर कधी लावतो हे कंपनीला कशाला कळायला हवं? गल्लीला ते कळतंच, कारण आबा अंघोळीला ओरडूनच जातात. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही?

नुसत्या अर्जावर विसंबणाऱ्यांतला मी नव्हे. मी ड्रिल आणलं, बाहेरच्या मीटरपेटीला स्वतःच्या हाताने कडी-कोयंडा बसवला आणि कुलूप घातलं. किल्ली माझ्या खिशात, पहाऱ्याला आबा. आबा म्हणजे माझे वडील, रेल्वेत तिकीट तपासनीस होते. उभ्या जन्मात त्यांनी कुणाचं काही खरं मानलेलं नाही.

"दुरुस्तीला आलोय म्हणतील," मी बजावलं. "विश्वास ठेवू नका."

"मला शिकवतोस?" म्हणत आबा पेटीसमोर खुर्ची टाकून बसले.

शनिवारी मी कुरियरच्या ऑफिसात असताना बायकोचा फोन आला. ती घरी शिवणकाम करते. शाळेच्या नाटकातल्या सशांचे पोशाख संध्याकाळी पोचवायचे होते. काम पसंत पडलं तर वर्षभराचे गणवेश तिच्याकडे येणार होते.

"अहो, फक्त आपल्याच घरातली वीज गेलीय. मशीन बंद पडलंय आणि सशांचे कान राहिलेत."

"फक्त आपल्याच?" माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "सूड उगवतायत. तू अजिबात नमू नकोस."

"कसला सूड? मी तक्रार केलीय, वायरमन येतोय. तोवर मी इलास्टिक घेऊन येते."

ती बाहेर पडली आणि वायरमन आला. पुढचं मला नंतर कळलं. आबांनी त्याचं ओळखपत्र उलटसुलट पाहिलं आणि फोटोतली मिशी वेगळी आहे असा शेरा मारला.

"आजोबा, दुरुस्तीला आलोय हो," तो म्हणाला. बिचाऱ्याने नेमकं तेच वाक्य उच्चारलं. आबांनी काठी उचलली.

इकडे मी अर्धी रजा टाकून वीज कंपनीच्या खिडकीवर तावातावाने भाषण करत होतो. आतल्या बाईंनी ते शांतपणे ऐकलं आणि स्क्रीनकडे पाहिलं.

"तुमचा नकार मंजूर आहे. मीटर बदलायला कुणीही येणार नाही. माणूस वीज चालू करायला आला होता. तो म्हणतो, पेटीला कुलूप आहे आणि पुढे काठीवाले आजोबा. शिवाय बाहेरूनच दिसतंय, कडीचा स्क्रू थेट आतल्या वायरीवर मारलाय, त्यानेच वीज गेलीय. तो कुणी मारला?"

मी प्यायला पाणी मागितलं.

"ग्राहक तुम्हीच ना?"

"अर्थात."

"इथे तर बाईंचं नाव आहे."

होतंच. घर बायकोचं, वीजजोडणीही तिच्याच नावावर. अर्जावरची सही ती काजं करत असताना मी घेतली होती, आणि तिने ती मान वर न करता केली होती. हा किरकोळ तपशील मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

तिथेच परत आलेल्या वायरमनची मनधरणी करत, त्याला स्कूटरवर मागे बसवून मी घरी आलो. घरात बायको नव्हती, मशीनही नव्हतं. दोघंही शेजाऱ्यांकडे होती, त्यांच्या स्मार्ट मीटरच्या विजेवर. मी तिकडे गेलो. तिने हात पुढे केला, मी किल्ली दिली आणि ती तिने वायरमनला पेटी उघडायला दिली. मग तिने माझ्या हातात सुई दिली आणि मी शेजाऱ्यांच्या देखत सशांच्या शेपट्या टाचत बसलो.

पोशाख वेळेवर पोचले. गणवेशांचं कामही तिला मिळालं, माझ्या शेपट्या तिने उसवून पुन्हा शिवल्या म्हणून.

"मीटर जुना ठेवायचा की नवा घ्यायचा, ते आता मी ठरवीन," तिने रात्री जाहीर केलं. "ग्राहक मी आहे. माझ्याशिवाय पेटीला कुणी हात लावायचा नाही."

आबांनी मान डोलावली.

सकाळी मी निदान ती कडी तरी काढून टाकावी म्हणून पेटीकडे गेलो. आबांची काठी आडवी आली.

"ग्राहक आहेस?"

"आबा, मी तुमचा मुलगा."

"सगळे असंच सांगतात," आबा म्हणाले.