पडद्यामागची सीता

हिराजीकाका कुणाच्याही घरी गेले की माणसांआधी भिंती बघत. आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो त्या दिवशी शेजारधर्म म्हणून ते आले, नावगाव न विचारता हॉलची भिंत चाचपली आणि म्हणाले, "बेस हाय. हिच्यावर देव बसतील." मग कॅलेंडरकडं बोट दाखवून, "तो खिला तेवडा काढा. रामाच्या कपालात घुसल."

सिनेमा गावोगावी पोचला नव्हता तेव्हापासून त्यांच्या घरात जादूचा कंदील होता. पत्र्याची पेटी, आत दिवा, पुढं भिंग. मधून काचेवर रंगवलेलं चित्र सरकवलं की समोरच्या ओल्या धोतरावर पुरुषभर उंचीचा रावण उभा. वडिलांनी तो गव्हाणपासून उरणपर्यंतच्या जत्रांतून फिरवला, त्यांच्यामागं काकांनी. दिवसा मिठागर, अंधार पडला की रामायण. काका कंदिलापाशी उभे राहून पुरुषांचं बोलत, त्यांची बायको चांगुणाकाकी पडद्यामागून बायकांचं. लोकांना वाटे, चित्रच बोलतंय.

टीव्हीवर त्यांचा फार राग. "देवांना खोक्यान कोंबलाय," म्हणत. रविवारी आमच्याकडं मालिका बघायला येत मात्र नेमानं, आणि देवांनी तोंड उघडायच्या आत त्यांची वाक्यं म्हणून टाकत. माझी बायको वैतागे. मला मालिकेपेक्षा काकाच बघायला आवडत.

पुढं काकींना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सुधारले, वाचा गेली ती गेलीच. कंदील माळ्यावर गेला. काका भिंती बघायचे थांबले, ते मला फार लागलं.

मग एका रामनवमीला ते सोसायटीच्या सेक्रेटरींपुढं हात जोडून उभे. "एक खेल करू द्या." सेक्रेटरी व्हिडिओ आणणार होते, पण "अर्धा तास हं," म्हणत कबूल झाले. सीतेची वाक्यं माझी मुलगी म्हणेल, असं मी सुचवलं, तर काका उखडलेच. "सीता हाय माजी. दुसरी नको."

मला वाटलं, म्हातारा हट्टापायी चारचौघांत हसं करून घेणार.

संध्याकाळी गच्चीवर धोतर ताणलं. काकींना हात धरून पडद्यामागं बसवलं. राम वनवासाला निघाला. देवांसाठी काका नेहमी पुस्तकी बोलत. "सीते, वाट काट्यांची आहे. तू इथेच राहा." आणि गप्प. पडद्यावरची सीता हात जोडून उभी, बोलायला कुणी नाही. पोरं खिदळली. "काका विसरले!" कुणीतरी ओरडलं. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं. काका जागचे हलले नाहीत. मला राहवेना, मी पडद्याआड गेलो.

काकी स्टुलावर ताठ बसल्या होत्या. ठेवणीतलं लुगडं, डोक्यावर पदर. त्यांचे ओठ हलत होते. आवाज अजिबात नव्हता, पण सीतेचं सगळं गाऱ्हाणं त्या शब्दन् शब्द म्हणत होत्या, कसलीही घाई न करता. मग ओठ थांबले. काकींनी पदर सारखा केला.

तेवढ्यात पलीकडून राम बोलला.

"बरं. चल मंग. तुज्याबिगर मना तरी कुठं करमतं?"