येरी गुड आणि प्रिन्सिपलची वांगी

आमच्या कॉलेजातलं इंग्रजी सुधारेल तर यंत्रानंच, हे मी १९६३ साली ठरवूनच टाकलं होतं. अमरावतीची आमची पोरं 'वेळ'ला 'येळ' म्हणत, तशीच 'व्हेरी गुड'ला 'येरी गुड' म्हणत. मी मूळचा अकोल्याचा, पण पुण्याला शिकलेला. माझे उच्चार कसे घासूनपुसून लख्ख!

प्रिन्सिपल खुशालरावांच्या मागे लागून लागून मी नागपूरहून टेपरेकॉर्डर आणवला.

"पाहा बाप्पा," ते म्हणाले, "सोमवारी विद्यापीठाची कमिटी येऊन राहिली. त्यायच्यासमोर हे डबडं चाललं, तर तुमाले कायम करतो. नाही चाललं, तर दुसरी नोकरी पाहून ठेवा."

मशीन हातात पडलं रविवारी. मी ते घरी नेलं, खिडक्या लावल्या, शेजारच्या बेबीताईंना कपडे न आपटता धुवायला लावले आणि वाचायला बसलो. एक वाक्य वाचायचं, मग पोरांना म्हणायला जागा सोडायची. मध्येच माझी बायको रुख्मिणी काहीतरी विचारायला आली. मी ऐटीत बटण दाबून मशीन थांबवलं, तिला उत्तर दिलं आणि पुढे वाचलं. पुन्हा ऐकून पाहायची गरज वाटली नाही. माझ्या उच्चारांत काय तपासायचं?

सोमवारी वर्गाला बजावलं, "मशीन म्हणेल ते जसंच्या तसं म्हणा. डोकं अजिबात चालवू नका." मॉनिटर देवमनला सांगितलं, "आतून कडी लाव. कोणीही आलं तरी उघडू नको." मशीन चालू केलं आणि बाहेर आलो. मास्तरांशिवाय वर्ग चालतो, हेच तर कमिटीला दाखवायचं होतं.

व्हरांड्यात कमिटीचे पुण्याचे अध्यक्ष, खुशालराव आणि मी कान देऊन उभे राहिलो. आतून माझा आवाज आला, "द वेदर इज व्हेरी फाइन."

"द येदर इज येरी फाइन," वर्ग गरजला. हरकत नाही, पहिलाच दिवस होता.

मग रुख्मिणीचा आवाज आला. काल थांबवायचं म्हणून मी बटण भलतंच दाबलं होतं!

"अवो, प्रिन्सिपलसायबाकडचे वांगे आले. करू का?" पन्नासेक पोरांनी एका सुरात विचारलं.

मी दार बडवायला लागलो. "देवमन, उघड!"

"सर, तुमीच तं सांगतलं, कोनीबी आलं तरी उघडू नोको," देवमन आतून म्हणाला.

तेवढ्यात माझं उत्तर आलं आणि वर्गानं ते खणखणीत म्हटलं, "फेकून दे थे. अर्धे किडलेले अस्तेत. नोकरी कायम होयेपर्यंत घेनं पडते, खानं नाही पडत."

खुशालराव माझ्याकडे पाहतच राहिले. माझी नोकरी गेली, हे मी मनातल्या मनात घरी सांगूनही टाकलं.

अध्यक्ष मात्र खूश होते. "इंग्रजी कच्चं आहे," ते म्हणाले, "पण ते वांग्याचं एकानंही चुकवलं नाही. यंत्र उपयोगी आहे." तसा शेराही त्यांनी लिहिला.

खुशालराव शब्दाचे पक्के. संध्याकाळी शिपाई पुंजाजी मला कायम केल्याचं पत्र घेऊन घरी आला. डोक्यावर वांग्यांचं टोपलं होतं.

"सायबानं निरोप देल्ला," टोपलं उतरवत तो म्हणाला, "आता कायम झाले, आता खानं पडते."