तानाक्काची हवा

तानाक्काची खानावळ बेळगावात होती, पण रविवारचं जेवण ती पन्नास मैलांवर सुप्याच्या डोंगरात वाढत असे. दर रविवारी नाही. दिवाळीनंतर रस्ते वाळले की शिमग्यापर्यंत, एकाआड एक रविवार. ज्याला यायचं नसेल त्यानं त्या दिवशी उपाशी राहावं, असा सरळ नियम होता.

मी त्या वेळी बेळगावात प्राथमिक शाळेत नवा मास्तर म्हणून लागलो होतो. पहिल्या शनिवारी हा नियम मला ठाऊक नव्हता. सकाळची शाळा सुटल्यावर मी जेवलो, हात धुतले, तेवढ्यात आक्का भाताची परात घेऊन समोर उभी राहिली.

"मास्तर, उद्या जेवणार का न्हाई?"

"जेवणार की."

"मग बसा मोटरीत."

मला थट्टा वाटली. बाहेर येऊन बघतो तर खरंच मोटर उभी. आत खानावळीतले चारपाच जण दाटीवाटीनं बसलेले, प्रत्येकाच्या मांडीवर काही ना काही. एकाकडं तांदळाची पिशवी, एकाकडं पातेली, एकाच्या मांडीवर पाय बांधलेला जिवंत कोंबडा. माझ्या मांडीवर पाटा आला. वरवंटा आक्कानं स्वतःजवळ ठेवला. कुणावर विश्वास नव्हता म्हणून.

तानाक्का तेव्हा पन्नाशीची असेल. बांध्यानं भक्कम, गुडघ्यांनी अधू, आवाजानं आजूबाजूच्या दोन्ही गल्ल्यांना पुरून उरणारी. नवरा गेला तेव्हा ती विशीची होती, एवढंच आम्हाला माहीत. वाढताना ती कुणाला विचारत नसे. कुणी पानावर आडवा हात धरला, तर म्हणे, "नको म्हणायला आलायसा व्हय हितं? ते घरात बसून म्हणा." आणि हातावर भात पडे.

तिचं एकच दुखणं होतं. हवा लागत नाही. "हवा लागंना झालीया ओ मास्तर," ती दिवसातनं दहादा म्हणे. आता बेळगावची हवा म्हणजे नावाजलेली. पुण्याची, मुंबईची माणसं ती खायला येऊन राहत. तानाक्का म्हणे, "त्यास्नी काय ठावं हवा म्हंजे काय? ही हवा हाय? कोमट पाणी हाय ह्ये!"

वाटेवरच्या लोंढ्यापर्यंत आगगाडी जाते, मग मोटर कशाला, असं मी आक्काला एकदा विचारलं.

"आगगाडी तिला पायजे तितं थांबती," आक्का म्हणाली. "मोटर मला पायजे तितं थांबती."

मोटर परशाची. आठवडाभर ती बेळगाव-खानापूर धावे आणि शनिवार दुपारपासून रविवारभर तिला सुट्टी असे. परशा गेली दहा वर्षं आक्काच्या हातचं जेवत होता, त्यामुळं आक्का 'ऊठ' म्हणाली की तो उठे आणि त्याच्यामागं मोटरही उठे. आक्का पुढं त्याच्याशेजारी बसायची, मांडीवर वरवंटा आडवा धरून, आणि लोंढ्यापर्यंत मोटर हाकायची तीच. "हां, हां, सावकाश! चढ लागलाय, दम खाऊ दे की त्याला!" 'त्याला' म्हणजे मोटरीला. चढ संपला की मोटर थांबवून आधी तिला पाणी पाजायचं, मग माणसांनी प्यायचं. "बिचारं किती तापलंय बघा," म्हणत ती पत्र्यावरनं हात फिरवायची आणि हात भाजून घ्यायची.

रात्री लोंढ्याला ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या पडवीत मुक्काम. पहाटे पुन्हा निघायचं. पुढं रान लागे. दोन्ही बाजूंनी ऐन-किंदळाची उंच झाडं, मधनं तांबडा रस्ता, अंगावर धुकं. आमच्या गप्पा आपोआप थांबत. आक्काही गप्प होई. सुपा थोडं पुढं राहिलं की एका वळणावर जुना आंबा होता. तिथं ती परशाच्या दंडावर चापट मारी आणि मोटर थांबे. पुढं कधीच जायचं नाही, मागं कधीच थांबायचं नाही.

वळणाखाली भाताची पायऱ्यापायऱ्यांची वावरं होती. त्यांच्यापलीकडं पाचसहा घरांची वाडी. आक्का दगडांची चूल मांडी, कोंबड्याचा रस्सा चढवी आणि आम्हाला हुकूम सोडी, "आडवं व्हा. हवा खायला आलायसा न्हवं? खावा मग!" आम्ही घोंगड्यावर आडवे होऊन हवा खात असू. आणि मग सुरू होई ती आक्काची टीका.

खाली वावरात एक म्हातारा शेतकरी काही ना काही करत असायचा. डोक्याला मुंडासं, कमरेला लंगोटी. तो कधी मान वर करून आमच्याकडं बघत नसे. पण आक्काला त्याच्या वावरातलं काही म्हणजे काही पसंत नव्हतं.

"मास्तर, ह्यो बांध बघा. बांध हाय का म्हातारीचं दात?"

मी आपलं "हं" म्हणे.

"आणि ह्यो नांगर. उंदीर उकरतोय काय की!"

खालनं उत्तर येत नसे. पण गंमत अशी की, थोड्या वेळानं तो माणूस आपल्या बैलावर खेकसे. "सर्ज्या, तू तुझं काम कर. रस्त्यावर बसून बोलायला काय जातंय!"

आक्का पळी जोरात ढवळी. "मास्तर, काही माणसास्नी शिकवून उपेग न्हाई."

"सर्ज्या, शिकलेली मानसं बेळगावात असत्यात. आपुन अडाणी. चल."

पहिल्या दोन फेऱ्यांत मला वाटलं, या मुलखात बैलांशी बोलायची रीत असेल.

जेवणं झाली की आक्का एका गाडग्यात भात आणि वर रस्सा घाली. तळाचं उरलंसुरलं नव्हे, चांगल्या फोडी निवडून. गाडगं पानांनी झाकून, वर दगड ठेवून, आंब्याच्या बुंध्याशी ठेवून देई. "कुत्र्याला," ती म्हणे. पंधरा दिवसांनी आम्ही परत येऊ तेव्हा ते गाडगं तिथंच, स्वच्छ घासून पालथं घातलेलं असे. आम्ही त्या कुत्र्याच्या शिस्तीचं फार कौतुक करायचो. आक्का हसायची नाही.

पौषातल्या एका फेरीला पाणी संपलं म्हणून मी घागर घेऊन खाली उतरलो. झरा त्या शेतकऱ्याच्या वावराच्या कडेला होता. त्यानं नांगर थांबवला आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"बेळगावचं?"

"व्हय."

"मास्तर न्हवं? ऐकू येतंय वरनं." मग बैलाच्या पाठीवरची माशी हाकलत तो म्हणाला, "गुडघं जास्त झाल्यात काय बाईचं? उतरताना दार धरून उतरली."

"थंडीचे दुखतात म्हणते."

"एरंडाचं पान तापवून बांधायला सांगा." तो पुन्हा नांगराला लागला. दोन पावलं गेल्यावर वळून म्हणाला, "मी सांगितलं म्हणून सांगू नगा."

वर आल्यावर मी परशाला बाजूला घेतलं. तो विडी विझवून म्हणाला, "एवढं दिवस कळलं न्हाई व्हय मास्तर तुमास्नी? भाऊ हाय त्यो तिचा. भैरू."

मग त्यानं सगळं सांगितलं. नवरा गेल्यावर तानाक्का माहेरी आली, ती याच वाडीत. सहा वर्षं भावाच्या बरोबरीनं चिखल तुडवला. त्याची बायको दिग्गी गावची, मनात असेल ते तोंडावर बोलणारी. दोघी बायकांचं एक दिवस कशावरनं तरी वाजलं, आणि रागाच्या भरात भैरू बहिणीला जेवत्या पानावर म्हणाला, "भावाची भाकरी किती दिवस खाणार हाईस?" ती तशीच उठली. "तू बोलवायला आल्याबिगर ह्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई," म्हणाली. तो म्हणाला, "गेलीस त्या पायानं ये." ती चालत लोंढ्याला गेली, तिथनं बेळगावला. त्याला पंचवीस वर्षं झाली होती.

"मग इथं कशी येते?"

"मीबी इचारलं. म्हणाली, रस्ता सरकारचा हाय, त्याच्या बाचा न्हाई." परशानं डोकं खाजवलं. "बा तर दोघांचा एकच. पण कोण बोलणार?"

परतताना मी सहज म्हणून एरंडाच्या पानाचं बोललो. आक्कानं मांडीवरचा वरवंटा एका गुडघ्यावरनं दुसऱ्यावर घेतला. "माझी आय बांधायची," एवढंच म्हणाली.

माघात आम्ही गेलो तेव्हा वावरात कुणी नव्हतं. बुंध्याशी मागच्या फेरीचं गाडगं होतं तसं, वरचा दगडही न हललेला. आक्कानं ते उचललं, लांब नेऊन ओतलं, घासलं आणि चूल मांडली. त्या दिवशी तिनं वावराबद्दल एक शब्द काढला नाही. वाढलेल्या रश्श्यात मीठ नव्हतं. आम्ही तो तसाच ओरपला.

हात धुवत होतो तेवढ्यात वाडीकडनं एक बाई चढण चढून वर आली. वाळलेली, पिकल्या केसांची. आक्कासमोर येऊन उभी राहिली.

"वन्सं, हिवताप हाय त्यास्नी. नऊ दिस झालं. मानूस वळखंनात."

आक्का बसलेलीच होती. "त्यानं बोलवलंय?"

बाई खोटं बोलली असती तर सोपं होतं. पण ती दिग्गीची, सरळ. तिकडच्या बायका स्वतःबद्दल पुल्लिंगीच बोलतात, तशी म्हणाली, "न्हाई. त्येनी न्हाई बोलवलं. मी बोलवायला आलोय."

आक्कानं पदर खोचला. मग माझ्या खांद्याला धरून उठली. "चल," म्हणाली. "आणि मास्तर, तुमीबी चला. परशा, सुप्याला जाऊन दवाखान्यातनं तापाचं औषध आण. आता त्याला दम खाऊ देऊ नगंस, पळव."

घर बुटकं होतं. उंबऱ्याशी आक्का क्षणभर थांबली, एक हात चौकटीवर ठेवला आणि आत गेली. मी ओट्यावर बसलो. दार उघडं होतं. भैरू बाजल्यावर पडला होता, दोन घोंगड्यांखाली थरथरत. आक्का उशाशी बसली आणि तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. त्यानं डोळे उघडले. तिच्याकडं बराच वेळ बघितलं.

"आये," तो म्हणाला.

आक्काचा हात थांबला.

"आये, तानी आली का गं?"

तिनं घोंगडं त्याच्या गळ्यापर्यंत ओढलं. मग आक्का म्हणाली. इतक्या हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "आली रं."

"रागात हाय?"

"न्हाई."

"मी जानार हुतो गं बोलवायला. दोनदा लोंढ्यापतोर गेलो." तो थांबून थांबून बोलत होता. "म्होरं बेळगाव मोठं. कुनाला इचारायचं? आनि काय म्हनून इचारायचं? भाकरीवरनं उठवलेली भैन कुटं ऱ्हाती म्हनून?"

"गप पड आता."

"तू सांग तिला. माझ्या तोंडानं सांगाय येईना झालंय."

"सांगतो," आक्का म्हणाली. "नीज तू."

परशानं औषध आणलं. आक्का तिथंच राहिली आणि आम्हाला परत पाठवलं. आठ दिवस आम्ही बेळगावात चुरमुरे आणि केळी खाऊन काढले. नवव्या दिवशी चूल पेटलेली दिसली. तिला आणायला गेलेल्या परशाकडनं कळलं, भैरू वाचला होता. ताप उतरू लागला तशी, तो पुरता शुद्धीवर यायच्या आधीच आक्का निघून आली होती, आणि भावजयीला तिनं गळ्याची शपथ घातली होती की, मी आले होते हे त्याला सांगायचं नाही.

शिमग्याआधीची शेवटची फेरी निघाली. मला वाटलं, आता आक्का थेट वाडीत उतरेल. पण त्याच वळणावर परशाच्या दंडावर चापट बसली. खाली भैरू बांधावर बसला होता, हाडांचा सापळा झालेला. जवळ बैल चरत होता.

"मास्तर," आक्कानं आवाज चढवला, "दुखण्यातनं उठलेल्या माणसानं असं उन्हात बसावं का ओ?"

खालच्या माणसानं मुंडासं नीट केलं. मग उठला, बैलाचा कासरा धरून वर चढला आणि आमच्यापासून वीसएक पावलांवर किंदळाच्या सावलीत येऊन बसला. इतक्या जवळ तो कधी आला नव्हता. आमच्याकडं मात्र पाठच.

"सर्ज्या," तो म्हणाला. आवाज खोल गेला होता. "तापात आय आल्ती माझी. उशाला बसली. पोटात हुतं ते समदं बोललो तिच्यासंगं. पंचवीस वर्सं बोलाय झालं न्हवतं." मग बैलाच्या पाठीवर हात फिरवत, "आता बरं वाटतंय."

आक्काच्या हातातली पळी तशीच राहिली. रस्सा उतू जाऊन चुलीत सांडला, तरी तिचं लक्ष नव्हतं.

मला राहवेना. मी तिच्याजवळ सरकून हळूच म्हणालो, "आक्का, सांगून टाका की त्याला. तुम्हीच होता म्हणून."

ती माझ्याकडं वळली. शाळेत मास्तर आणि एवढंही कळत नाही, असं काहीतरी तिच्या तोंडावर होतं.

"काय सांगू, मास्तर?" ती म्हणाली. "त्याची आय आली न्हवती म्हणून सांगू?"

मी पानं मांडायला घेतली. किंदळाखाली भैरूला झोप लागली होती. आक्कानं सगळ्यांना वाढलं, आवरलं, भांडी मोटरीत भरली आणि पुन्हा आंब्याखाली, किंदळाकडं तोंड करून, जाऊन बसली. परशानं दोनदा भोंगा वाजवायला हात नेला आणि दोन्ही वेळा मागं घेतला.