प्लॅस्टरमधली चावी

टाचेचं वाढलेलं हाड कापून घ्यायला दवाखान्यात जाताना हेडक्लार्कसाहेबांनी एक छोटासा निर्णय घेतला. रेकॉर्डच्या कपाटाची चावी ऑफिसात ठेवायची नाही, घरी न्यायची. निर्णय छोटा असला तरी हेतू थोर होता. पुढच्या महिन्यात सेक्शनचे सुपरिंटेंडेंट निवृत्त होणार होते. आपल्यावाचून ऑफिसचं पान हलत नाही, हे मोठ्या साहेबांना दिसायला याहून चांगली संधी कुठली? (बावीस वर्षं काम करून जे दिसलं नव्हतं, ते काम अडवून दिसणार होतं. ऑफिसात यालाच अनुभव म्हणतात.)

ऑपरेशन झालं. गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर आणि पायाखाली तीन उशा, अशा थाटात साहेब घरी विराजमान झाले. चार आठवडे पाय जमिनीला लावायचा नव्हता. प्लॅस्टर निघाल्यावर तीनच दिवसांनी नवा सुपरिंटेंडेंट ठरणार होता. वेळ कशी अगदी जुळून आली होती. आता फक्त ऑफिसातून रडवेला फोन यायचा बाकी होता.

तो येईना. पाचव्या दिवशी साहेबांनी मुलीला तिच्या मोबाइलवरून घरचाच फोन लावून बघायला सांगितलं. उशाशी घंटी खणखणली.

"वाजतोय की, बाबा."

"मग ऑफिसातला बिघडला असेल."

बायकोला राहवलं नाही. "अहो, देऊन टाका ना ती चावी. बिचाऱ्यांचं काम अडलं असेल."

"अडू दे! अडल्याशिवाय माणसाची किंमत कळत नाही."

"हो का? पाच दिवस इथे तुमचं पाण्याच्या ग्लासापासून सगळं माझ्यावाचून अडलंय. कळली किंमत?"

साहेबांनी पेपर तोंडासमोर धरला. (उलटा.)

दहाव्या दिवशी दारात ज्युनिअर क्लार्कबाई उभ्या राहिल्या. साहेबांची छाती फुगली. आले शरण! पण चावी समोर टेबलावरच पडलेली, आणि बायको पडली सरळमार्गी. न मागता उचलून हातात ठेवेल. पाय उशांवरून खाली घेता घेता साहेबांनी झटकन चावी प्लॅस्टरच्या वरच्या कडेतून आत सारली. ती दोन बोटं आत जाऊन थांबेल, असा त्यांचा अंदाज होता. चावी मात्र घसरगुंडी मिळाल्यासारखी पोटरीखाली निघून गेली.

"कसे आहात, सर?"

"बरा आहे." घोट्याशी गार काहीतरी टोचत होतं. "तिकडे कामं तुंबली असतील, नाही?"

"छे हो! सगळं क्लिअर. मागचं साचलेलंसुद्धा उरकलं."

बाईंनी चहा घेतला, "काळजी घ्या" म्हणाल्या आणि गेल्या. चावीचं नावसुद्धा काढलं नाही.

"ताठा आहे," साहेब म्हणाले. "मागायला जीभ रेटत नाही."

"चावी कुठंय?" बायकोने टेबलाकडे बघत विचारलं.

साहेबांनी पायाकडे बोट दाखवलं.

मग मायलेकी कामाला लागल्या. आधी विणायची सुई झाली, मग तारेचा हँगर सरळ करून झाला. "बाबा, पाय वर करा, आम्ही हलवतो," असं म्हणून दोघींनी पाय छताकडे धरून गदागदा हलवला. चावी पोटरीशी अडकली. (अडवण्याचा गुण साहेबांच्या अंगात मुरलेलाच होता.) पाय खाली घेतला, मुलीने हँगरने शेवटचा हिसका दिला आणि चावी थेट टाचेच्या टाक्यांत जाऊन रुतली. साहेबांची किंकाळी ऐकून खालच्या मजल्यावरचे शिंपी वर धावत आले.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि बराच वेळ पाहिला.

"मी कात्री वापरली, चिमटे वापरले," ते शांतपणे म्हणाले. "चावी वापरल्याचं काही आठवत नाही."

प्लॅस्टर कापून चावी काढली, पण टाके उसवले होते. पुन्हा टाके घातले, पुन्हा प्लॅस्टर घातलं. "आता आजपासून चार आठवडे. पहिल्यापासून."

सुपरिंटेंडेंट ठरायच्या दिवशी साहेब उशांवरच असणार होते. खुर्ची हातची जाणार, मग निदान उपकार तरी पदरात पाडून घ्यावेत! त्यांनी घरी पोचल्या पोचल्या क्लार्कबाईंना फोन लावला.

"मॅडम, चावी घेऊन जा. आणि मोठ्या साहेबांना सांगा, आजारपणातसुद्धा मी आठवणीने दिली."

"कसली चावी, सर?"

"रेकॉर्डच्या कपाटाची!"

"अच्छा, ती होय! राहू द्या हो. त्या कपाटाची मागची फळी सहा वर्षांपूर्वीच निखळलीय. आम्ही सगळे तिकडूनच फायली काढतो. तुम्ही रोज एवढ्या मनापासून कुलूप लावता, म्हणून कोणी बोललं नाही."

"मोठ्या साहेबांना... माहीत आहे हे?"

"त्यांनीच तर मला दाखवलं, सर! तुम्ही अगदी सावकाश बरे व्हा. फक्त आल्यावर ते कपाट भिंतीला टेकवू नका. हात घालायला फार त्रास होतो."