तबकडीतले नाना

शेजारच्या नानांच्या घरी गेलं, की आधी ग्रामोफोनच्या एका तबकडीसमोर बसावं लागे. काम काहीही असो. लग्नाची पत्रिका द्यायला जा, नाहीतर नळाला पाणी आलंय एवढंच सांगायला दारात उभे राहा, नाना म्हणत, "बसा वाईच. मी येतोच हाय आता." म्हणायचे आणि समोर खुर्चीतच बसून राहायचे. कारण ते यायचे होते तबकडीतून.

नाना मूळचे पोलादपूरकडचे. पलटणीच्या बँडात वाजवायला शिकले, पुढे मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जाऊ लागले आणि निवृत्त झाल्यावर महाडात आमच्या आळीत घर केलं. वाद्य म्हणाल तर सळी वाकवून केलेला त्रिकोण. दोरीला टांगायचा आणि दुसऱ्या सळीनं मारायचा. त्यांचे साहेब म्हणजे सिनेमातले मोठे संगीतकार. त्यांनी एकदा नुसत्या वाद्यांची तबकडी काढली, गाणं एकही नाही. त्या अख्ख्या तबकडीत नाना एकदाच वाजले होते, तेही दुसऱ्या बाजूला.

वेष्टनावर साहेबांचा फोटो होता, मागे व्हायोलिनवाल्यांची रांग. "यात तुम्ही कुठं?" असं मी विचारलं, तेव्हा नानांनी वेष्टन टेबलावर ठेवलं आणि त्याच्या कडेबाहेर, टेबलक्लॉथवरच्या फुलावर बोट टेकलं. "हितं. फोटोवाल्यानं कापला मना."

तबकडी सुरू झाली की बोलायचं नाही. व्हायोलिनं रडायची, बासऱ्या त्यांची समजूत काढायच्या. आपल्याला वाटे आता कुणीतरी गाईल, पण कुणी गात नसे. मग नाना उठून उभे राहत, बोट वर करत आणि कुठूनतरी लांबून 'टिंग' होई. "ह्यो मी," नाना म्हणत. लगेच स्वयंपाकघराकडे बघून हाक मारत, "च्या झाली का गो?" आतून काकींचा ठरलेला आवाज येई, "हाय, हितंच हाय मी." बिचाऱ्या वैतागल्या असतील, असं आम्हाला वाटे.

समोर राहणारे एसटीतले कंडक्टर एकदा म्हणाले, "नाना, एवढ्या वेळात मी डबल घंटी मारून गाडी पोलादपूरला नेतो." नाना शांतपणे म्हणाले, "वाजवतो कोन पन. आपली जागा येस्तवर मात्रा मोजत ऱ्हायचं असतं. चुकायचं नाय." हे त्यांचं पालुपद होतं. एकदा ऐन त्या जागेच्या तोंडाशी लाईट गेली. तबकडी रेड्यासारखी रेकत थांबली. आम्ही सुटलो म्हणून उठलो, तर नाना दारात आडवे. "कुठं चाललाव? मी अजून यायचा हाय." लाईट येईपर्यंत आम्ही घामाघूम होऊन बसलो, आणि टिंग ऐकूनच घरी गेलो.

आळीत कुजबुज होतीच. अशी कुणाचीही टिंग आपली म्हणता येते, हा म्हातारा तिथं नुसती वाद्यं उचलत असेल, असं कंडक्टरचं मत होतं. मी कोर्टात कारकून. पुराव्याशिवाय बोलू नये म्हणून गप्प बसायचो, पण शंका मलाही होतीच.

आणि एके दिवशी पुरावा स्वतःच एसटीतून उतरला. साहेबांकडे व्हायोलिन वाजवणारा अंतोन, गोव्याला आपल्या घरी निघालेला, नानांना भेटायला वाटेत महाडला थांबला. कंडक्टर मला ओढतच घेऊन गेले. काकींनी सगळ्यांना चहा दिला. नाना मात्र तबकडीचं नाव काढेनात. "ऱ्हाऊ दे आज. पावना दमला हाय." असं ते पहिल्यांदाच म्हणत होते. कंडक्टरनं मला कोपरानं ढोसलं. मला वाईट वाटू लागलं. म्हातारा खोटा ठरू नये, एवढंच मनात होतं.

अंतोननं स्वतःच तबकडी लावली. टिंग झाली, आणि तो मांडी थोपटत हसत सुटला.

"हाच तो! ह्यानेच मारला. आणि गलत मारला!"

नाना खाली बघत होते.

"ह्याची जागा होती लांब पुढे," अंतोन सांगू लागला. "हा मधेच मारून मोकळा. आणि खरी जागा आली तेव्हा वाजवायलाच विसरला! आम्हाला वाटलं, गेलं, आता सगळं परत घ्यायला लागणार. साहेबांनी विचारलं, नाना, तू कधी चुकत नाहीस, आज काय झालं? तेव्हा हा बोलला. बायकोचं महाडच्या दवाखान्यात ऑपरेशन, सकाळीच गावाहून निरोप आलेला. साहेबांनी ते परत ऐकलं, म्हणाले, छान लागलंय, राहू दे. आणि तू आधी गाडी पकड."

माझा जीव भांड्यात पडला. नाना वाजले होते, अगदी खरे वाजले होते. चुकले म्हणून ते मला कधी नव्हे इतके आवडले.

"मोजत व्हतो रे," नाना हळूच म्हणाले. "पन ध्यान सगळं हितं. गाडी रातभर चालली. दवाखान्याच्या दारात पोचलो तवा कळलं, ही शुद्धीवर आली."

मग त्यांनी मान वर केली, स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि नेहमीसारखी हाक मारली, "च्या झाली का गो?"

चहा आमच्या हातात होता. नानांचा कप तर रिकामासुद्धा झाला होता.

"हाय," आतून काकी म्हणाल्या. "हितंच हाय मी."