काकांनी फुली मारलेली झांज

पेठेकाका आमच्याकडे चहाला आले की आधी रिकाम्या कपाला टिचकी मारतात. कान जवळ नेतात, मान डोलावतात आणि म्हणतात, "पास." मगच मला चहा ओतायची परवानगी. माझ्या आहेरातले दोन कप त्यांनी असेच नापास केले. चीर कुठे दिसत नव्हती, पण आठवड्याभरात त्यातला एक गळायला लागला आणि मला बोलायची सोय उरली नाही.

जन्मभर त्यांनी बरखेड्याच्या कारखान्यात हेच केलं. लोखंडी भाग हातोडीने ठोकायचा, आवाज ऐकायचा. चांगला असेल तर खडूने बरोबरची खूण, नाहीतर फुली. आपण एकही खोटी फुली मारली नाही, हे ते अजून ऐटीत सांगतात.

निवृत्त होऊन सोनागिरीत आमच्या शेजारी आल्यावर ही विद्या मालतीकाकूंच्या ड्रमसेटकडे वळली. काकू शाळेत बँड शिकवायच्या. आता पदर खोचून आमच्या मराठी मंडळात ड्रम वाजवतात आणि काका त्यांना घरच्या घरी सामान करून देतात. एक्स-रेच्या जुन्या फिल्मची चकती कापून ड्रमवर ठेवली की त्याचं घुमणं थांबतं. माझ्या सासऱ्यांचा गुडघा गेल्या गणपतीत आरतीला वाजला.

या सामानाला लागणाऱ्या रिकाम्या डब्यांसाठी त्यांनी फाटकावर हिंदीत पाटी लावली, "खाली डिब्बे यहाँ रखें." पुण्याहून आलेल्या माझ्या आत्याच्या हाती मी काकांना लाडू पाठवले होते. तिने पाटीतलं 'खाली' मराठीत वाचलं आणि भरला डबा पाटीच्या खाली, जमिनीवर ठेवून आली. संध्याकाळी काकांचा निरोप आला, "डबा पास. लाडू रिवर्क."

म्हणजे लाडू पुन्हा करायचे! मला राग आला. दुसऱ्या दिवशी डबा परत आणायला गेले, तर काका व्हरांड्यात त्यात चिंचोके भरत बसले होते. डबा ड्रमसेटमधल्या झांजेच्या दांडीला बांधायचा होता. शेजारी त्या दांडीवर कोरी करकरीत झांज होती आणि तिच्यावर खडूची फुली. मी सहज टिचकी मारली. स्वच्छ, बारीक किणकिण कितीतरी वेळ चालू राहिली.

"काका, ही तर छान वाजतेय."

काकांनी आत बघितलं. काकू स्वयंपाकघरात होत्या.

"झांज पास आहे," ते हळूच म्हणाले. "मालतीला बारीक आवाज ऐकू येईनासा झालाय. तिला वाटतं, झांजच बद्द वाजते. मीही हो म्हटलं आणि फुली मारली. खरं कळलं तर ती वाजवणं सोडून देईल."

मी डबा धरला आणि काकांनी तारेने बांधला.

काकू हात पुसत बाहेर आल्या. काठी उचलून त्यांनी झांजेवर मारली. चिंचोके असे खडखडले की फाटकावरचं कबुतर उडालं. काकूंचा चेहरा उजळला. त्यांनी पुन्हा मारली, मग पुन्हा.

"आता कशी बोलायला लागली बघ. कसा वाटतो गं आवाज?"

आवाज भयंकर होता. काका खाली मान घालून हातावरचा खडू पुसत होते.

"पास," मी म्हणाले.

डबा मागायचा मी विसरून गेले, असं घरी सांगितलं.