हरिहरकाकांचं आधीचं शून्य

विक्री विभागाच्या पावत्या भार्गवी मॅडमच्या केबिनमधल्या प्रिंटरमधून भराभर बाहेर पडायला लागल्या, तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि शौनक खुर्चीत अगदी निवांत बसला होता.

रत्नागिरीतल्या त्या आंबा बागायतदार संस्थेत संगणकाच्या कामावर लागून त्याला तीन महिने झाले होते, आणि करार तीन महिन्यांचाच होता. आज व्यवस्थापक भार्गवी मॅडम त्याच्या नोकरीचं पत्र काढणार होत्या. कायम केलं तर घरी आईच्या हातचं जेवायचं, नाहीतर पुन्हा पुण्याला जाऊन एका खोलीत चौघं. म्हणून तर रविवारी घरी बसून त्याने एक प्रोग्रॅम लिहिला आणि आज सकाळी मोठ्या ऐटीत सुरू केला.

प्रोग्रॅम साधाच होता. प्रत्येक प्रिंटरला नेटवर्कवर आकड्यांचा एक पत्ता असतो. त्या पत्त्यांची यादी दिली, की कुणाचा कागद कुठल्या प्रिंटरवर न्यायचा ते प्रोग्रॅम बघणार. पत्ते वाचण्यासाठी शौनकने एक आयती लायब्ररी घेतली होती. म्हणजे ते काम करणारा, कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार भाग. सगळं जग असंच करतं, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. यादी मात्र त्याने हेडक्लार्क हरिहरकाकांकडून टाइप करून घेतली.

अकरा वाजून पाच मिनिटांनी विक्रीतली हेमा पावत्या शोधत आली. तिच्या प्रिंटरमधून गोदामाची हजेरी निघत होती. गोदामवाले म्हणाले, आमच्याकडे काहीच येत नाही, आम्ही मजेत आहोत. शौनकने वायरी काढल्या, लावल्या, पुन्हा काढल्या. सगळे पत्ते बरोबर दिसत होते आणि सगळे कागद चुकीच्या जागी जात होते. त्याचं डोकं चालेना. तेवढ्यात मॅडमनी बोलावलं.

"मी दोनदा छापायला दिलं, माझं पत्र काही येत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचंच होतं."

काय होतं पत्रात, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. तो यादी घेऊन बसला आणि एकेक पत्ता नीट पाहू लागला. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की दहाच्या जागी काकांनी शून्य-एक-शून्य लिहिलंय आणि बाराच्या जागी शून्य-एक-दोन.

"काका, ही शून्यं कशाला?"

"रिकामी जागा ठेवायची नाही," काका शांतपणे म्हणाले. "मी गेटवर पास लिहायचो, तेव्हा एकाने सात पेट्यांच्या आधी एक घालून सतरा नेल्या. तेव्हापासून तीन घरं म्हणजे तीन घरं."

काका घरच्या कॅलेंडरवर दूधसुद्धा शून्य शून्य एक लिटर लिहितात, तिथे ही यादी कशी सुटणार? पण शौनकने घेतलेली लायब्ररी पडली जुन्या वळणाची. आकड्याच्या आधी शून्य दिसलं, की तो आकडा दहाच्या नव्हे, आठाच्या गटांत मोजायचा, अशी तिची रीत. त्यामुळे काकांच्या बाराला ती दहा म्हणत होती आणि दहाला आठ. शौनकने हे काकांना समजावून सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि आठाच्या गटात मोजणाऱ्याला कामावर कुणी ठेवलं, असं विचारलं.

उत्तर द्यायला वेळ नव्हता. मॅडमचा प्रिंटर दहा, म्हणजे त्यांचं पत्र आठवर गेलं. आणि आठ म्हणजे पॅकिंग शेडमधला, पेट्यांची लेबलं छापणारा प्रिंटर. शौनक धावत सुटला.

शेडमध्ये पॅकिंग करणाऱ्या गोदा मावशी पेट्यांना लेबलं लावून हात पुसत होत्या. लेबल तीन बोटांएवढं, त्यामुळे पत्राचे तुकडे पडले होते. एकच तुकडा खाली उरला होता. त्यावर लिहिलं होतं, "श्री. शौनक केळकर यांची सेवा".

"बाकीची कुठे आहेत?"

"पेट्यांवर लावली की. मी वाचलं, पण मला वाटलं, सरकारचा कायतरी नवा नियम असंल. दर महिन्याला येतो. पेट्या घेऊन टेम्पोवाला केरू गेला तिकडं लोटे गावाला, रसाच्या कंपनीत."

शौनकने केरूला फोन लावला. केरू वाटेत हातखंब्याच्या नाक्यावर चहा घेत होता. पत्राचा शेवट कुठे दिसतो का बघ, म्हटल्यावर तो टेम्पोत चढला.

"हा, हाय एक. 'करण्यात येत आहे.'"

"काय करण्यात येत आहे?"

"ती पेटी खाली असंल. वर सात थर हायेत."

"केरूदादा, पाया पडतो तुमच्या."

केरूने सात थर उतरवले. तोवर शौनक उन्हात उभा राहून घाम पुसत होता. त्याला कायमही दिसत होतं, समाप्तही दिसत होतं. अखेर केरूचा आवाज आला. तो अडखळत वाचत होता, "संगणक यंत्रणा आता सुरळीत चालू असल्याने... या पदाची... आवश्यकता उरलेली नाही."

शौनक मटकन पेटीवर बसला. इतकं मन लावून काम केलं, त्याचं हे फळ? त्याला रडूच यायला लागलं. पण पत्र फुटलं होतं, लपवून काय उपयोग? तो उठून केबिनमध्ये गेला आणि मॅडमना सगळं खरं सांगून टाकलं. मॅडमच्या टेबलावर पावत्यांचा ढीग होता आणि फोन वाजत होता. त्यांना निम्मंच कळलं असावं.

"दुरुस्त व्हायला किती वेळ?"

"दहा मिनिटं. पण पुढच्या यादीत काका पुन्हा शून्य लावतील. या वेळी तीन घरं, पुढच्या वेळी काय सुचेल सांगता येत नाही."

"लावू नका म्हणून सांगा त्यांना."

"सांगितलं. ते म्हणाले, लेखी आणा."

मॅडमनी वाजणारा फोन बंद केला. त्यांनीही कधीतरी काकांना काहीतरी सांगून पाहिलेलं असणार. मग त्यांनी कोरा कागद ओढला आणि नवं पत्र हातानेच लिहायला घेतलं.

"हरिहरकाका निवृत्त कधी होतात?"

"अजून सहा वर्षं आहेत, मॅडम."

"मग तोपर्यंत तुम्ही कुठे जाऊ नका," मॅडम म्हणाल्या आणि सही केली.